डाव्या पायाचा नवस

ओरेस्ते फाविनबद्दल मला फारसं काही माहीत नाही, हे आधीच सांगून टाकतो. जे माहीत आहे ते बहुतेक आवेलिनोच्या तोंडून ऐकलेलं. आणि आवेलिनोलाही त्याच्याबद्दल फार माहीत होतं असं नाही. सोळा वर्षं तो ओरेस्तेच्या करवतीपुढे पाइनचे ओंडके आणून टाकत होता. पण ओरेस्ते मूळचा कुठल्या खोऱ्यातला, त्याची आई कधी गेली, त्याला गोड आवडायचं की खारट, हे कुणी विचारलं असतं तर आवेलिनोनं नुसती मान हलवली असती.

गिरणी कोर्नेलिओ मालकाची. ओढ्याला वरच्या अंगाला बांध, बांधापासून निघालेली लाकडी पन्हळ, आणि पन्हळीच्या तोंडाशी एक दार. दोर ओढून दार उचललं की पाणी चाकावर कोसळायचं. चाकाच्या आसाला वाकडा दांडा होता. तो एका उभ्या चौकटीला वरखाली हलवायचा, आणि चौकटीत ताणून बसवलेलं एकच लांब पातं ओंडक्यात शिरायचं. पातं एकदा खाली गेलं की एक लोखंडी बोट दातेरी चाकाला एक दात पुढे ढकलायचं, आणि ओंडका घेतलेला गाडा जवाएवढा पुढे सरकायचा. असं करत करत एक फळी निघायची. ओढ्याला पाणी चांगलं असलं तर दिवसाला दोन ओंडके, फार तर तीन. पाणी आटलं की बांध भरेपर्यंत बसून राहायचं. आमच्या खोऱ्यातलं प्रत्येक घर, प्रत्येक गोठा, दारूची पिंपं ठेवायची प्रत्येक खोली त्या एका पात्यानं कापलेल्या फळ्यांची होती.

करवतीवरच्या माणसाला गिरणीलगतचं घर राहायला मिळायचं. काम गेलं की घरही गेलं. ओरेस्तेच्या आधी तिथे बोर्तोलो होता. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि त्यानं एकदा तीन फळ्या तिरक्या कापल्या. मालक म्हणाला, "अधू माणूस करवतीवर नको. हात तुटला तर मी काय त्याला नवा हात देऊ?" त्याच आठवड्यात बोर्तोलोचं सामान घराबाहेर निघालं. ते वाहून नेलं आवेलिनोच्याच बैलगाडीनं. बोर्तोलोची बायको सामानावर पाठमोरी बसली होती आणि पाच मैल एक शब्द बोलली नव्हती. ते आवेलिनोच्या डोक्यातून कधी गेलं नाही.

मग ओरेस्ते आला. बायको पाल्मिरा, तीन मुली, पुढे चौथी झाली. माणूस कामाचा, पण अबोल. आवेलिनो ओंडका उतरवताना म्हणायचा, "याच्या बुंध्याशी गाठी आहेत हां." ओरेस्ते मान डोलवायचा. आवेलिनो म्हणायचा, "वरच्या रस्त्यावर चिखल काय झालाय!" ओरेस्ते तशीच मान डोलवायचा. चॅपेलसमोरच्या पटांगणात रविवारी लाकडी गोळे खेळताना पुरुष त्याची टिंगल करायचे.

"ओरेस्तेशी बोललास?"

"बोललो. भिंतीशी बोललो असतो तर निदान माझाच आवाज परत आला असता."

"बायकांशी बोलतो की! माझी बायको फळ्या आणायला गेली तर तिला म्हणे चारदा विचारलं, किती लांबीच्या हव्यात."

"म्हणजे माणूस बरोबर आहे. तुझंच तोंड बघवत नसेल."

हे खरं होतं. ओरेस्ते बायकांशी बोलायचा, पोरांशी बोलायचा. पुरुषांशी नाही. आवेलिनोला वाटायचं, हा आपल्याला कमी समजतो. बोलताना हा माणूस डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघायचा, जसं काही आपण खोटं बोलतोय आणि ते याला ओठांवर सापडणार आहे. आवेलिनोला त्याचा राग यायचा. पण राग धरून करणार काय, ओंडके तर तिथेच टाकायचे होते.

आणि दुसरी गोष्ट त्याच्या पायाची. करवत सुरू झाली की ओरेस्ते डाव्या पायातला बूट काढून ठेवायचा आणि तो उघडा पाय चौकटीखालच्या जाड तुळईवर टेकवून उभा राहायचा. उजव्या पायात बूट, डावा उघडा. जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, पन्हळीला बर्फाच्या काड्या लोंबत असल्या तरी तसंच. काम संपलं की बूट पुन्हा पायात.

हा नवस आहे, हे कुणी कुणाला सांगावं लागलं नाही. आमच्याकडे नवसाची माणसं कमी नव्हती. कुणी वर्षभर दारूला शिवत नसे, कुणी मुलगा बरा होईपर्यंत टोपी घालत नसे. ओरेस्तेची तिसरी मुलगी जन्मली तेव्हा निळी पडली होती आणि मग वाचली. तेव्हाचाच नवस असणार, असं बायकांनी ठरवून टाकलं. आणि नवसाबद्दल कुणी विचारत नाही. विचारलं की नवस सैल होतो, असं म्हातारी माणसं सांगायची. त्यामुळे नऊ वर्षं कुणीच विचारलं नाही. ओरेस्तेनंही कधी काही सांगितलं नाही.

नवव्या वर्षी थंडी फार पडली. ओरेस्तेची टाच फुटली, त्या भेगेत लाकडाचा भुसा गेला आणि पाय सुजून भोपळ्यासारखा झाला. तरी तो सुजलेला पाय तुळईवर टेकवून उभाच. पाल्मिरा कोबीची पानं गरम करून बांधायची, तो ती सोडून ठेवायचा आणि करवत सुरू करायचा. बायकांना राहवलं नाही. महिन्याची प्रार्थना घ्यायला फादर एर्मेते खेचरावरून आले तेव्हा बायकांनी सगळं त्यांच्या कानावर घातलं.

फादर एर्मेते मनानं मोठे, आणि दाढीनंही. दाढी छातीवर रुळायची, तोंड कुठे आहे ते फक्त जेवताना कळायचं. प्रार्थना संपल्यावर त्यांनी ओरेस्तेला पुढे बोलावलं. म्हणजे हातानं खूण केली, आणि शेजारच्यानं त्याला ढकललं.

"बाबा रे, देवाला तुझा पाय नकोय," फादर सगळ्यांसमोर म्हणाले. "नऊ वर्षं पुष्कळ झाली. मी तुला या नवसातून मोकळं करतो. आजपासून दोन्ही पायांत बूट. हा माझा हुकूम समज."

ओरेस्ते त्यांच्या दाढीकडे बघत उभा राहिला. मग मान डोलवली. लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. कोर्नेलिओ मालक ओठांत मक्याच्या पानाची विडी धरून म्हणाला, "सुटलास एकदाचा! आता बूट काढलेला दिसला तर मी फादरना पत्र पाठवीन." तिकडेही ओरेस्तेनं मान डोलवली. पाल्मिराचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. आवेलिनोनं ते पाहिलं आणि त्याला वाटलं, आनंदानं असेल.

त्यानंतरच्या गुरुवारची गोष्ट. आवेलिनो तिसरा ओंडका घेऊन आला तेव्हा करवत चालू होती. तो अंगणात बैल सोडत होता. आतून नेहमीचा आवाज येत होता, खाली जाताना घरघर, वर येताना सुस्कारा. बैलांच्या मानेवरून जू काढता काढता त्याला त्या आवाजात आणखी एक आवाज ऐकू आला. खट्. थोड्या वेळानं पुन्हा खट्.

पातं चौकटीत ताणून ठेवायला वर आणि खाली पाचरा ठोकलेल्या असतात. त्यातली एक सैल होत होती. हे कधीमधी व्हायचंच. अशा वेळी ओरेस्ते लगेच दोर सोडून पाणी बंद करायचा, पाचर ठोकायचा, पुन्हा सुरू. नऊ वर्षांत त्याला हे कुणी सांगावं लागलं नव्हतं. इतर कुणाच्या कानावर जायच्या आत त्याला कळलेलं असायचं. म्हणून आवेलिनोनं लक्ष दिलं नाही. त्यानं दुसऱ्या बैलाचं जू काढलं.

खट् खट् आता प्रत्येक फेऱ्याला यायला लागलं.

"ओरेस्ते!" आवेलिनोनं बाहेरूनच हाक मारली. "पाचर बघ!"

पाणी बंद झालं नाही. आवेलिनो दारात गेला. ओरेस्ते पाठमोरा, पात्यापासून हातभर अंतरावर ओंडक्यावर वाकून भुसा झटकत होता. दोन्ही पायांत बूट. पातं चौकटीत उभ्या सापासारखं वळवळत होतं.

"ओरेस्ते! अरे, मागे हो!"

तो हललाही नाही. भुसा झटकत राहिला.

आवेलिनो धावला. आधी दोर सोडला. दार धाडकन पडलं, पण चाक काही लगेच थांबत नाही, अंगातल्या पाण्यानं आणखी चार फेरे घेतंच. मग त्यानं ओरेस्तेच्या कोटाची कॉलर धरून त्याला मागे खेचलं. दोघंही भुशाच्या ढिगावर पडले. वरची पाचर उडाली, पातं वाकलं आणि मधोमध तुटलं. खालचा तुकडा खड्ड्यात गेला. वरचा तुकडा ओंडक्याच्या सालीत, जिथे ओरेस्तेचा हात होता तिथे, चार बोटं रुतून बसला.

मग चाक थांबलं. बाहेर एक बैल हंबरला.

ओरेस्तेनं तुटलेल्या पात्याकडे पाहिलं, आणि लगेच वळून आवेलिनोच्या तोंडाकडे पाहिलं. आवेलिनो धापा टाकत काहीतरी बोलत होता, काय ते त्याचं त्यालाच आठवत नाही. ओरेस्ते त्याच्या मिशीकडे टक लावून बघत होता. आवेलिनोची मिशी तेव्हा दाट होती, वरचा ओठ पूर्ण झाकायची आणि खालच्या ओठावरही यायची. खोऱ्यातल्या बहुतेक पुरुषांच्या तशाच होत्या.

तेव्हा आवेलिनोला कळलं. तो म्हणायचा, एकदम नाही कळलं, उतारावरून ओंडका सुटतो तसं कळत गेलं. बायका, पोरं. फादरची दाढी. तोंडाकडे बघणं. आणि तुळईवरचा तो उघडा पाय. हा माणूस करवत पायानं ऐकत होता.

 ओरेस्तेनं हळूच मान खाली घातली, उजव्या हाताची बोटं एकेक करून हलवून पाहिली, आणि घराकडे बघितलं. घराच्या दारात पाल्मिरा उभी होती, धाकटी कडेवर. आवेलिनोला बोर्तोलोच्या बायकोची पाठ आठवली.

संध्याकाळी मालक आला. तुटलेलं पातं हातात घेऊन फिरवून फिरवून बघितलं.

"कसं तुटलं?"

"पाचर निसटली," आवेलिनो म्हणाला.

"निसटायच्या आधी ती खडखडते. हा काय झोपला होता?"

"मी त्याला बोलण्यात गुंतवला होता, मालक. चूक माझी."

"तू? ओरेस्तेला? बोलण्यात?" मालकानं ओठांतली विडी काढली. "काय बोलत होतात?"

"लाल बैलाबद्दल."

"आणि तो काय म्हणाला?"

आवेलिनो घाबरला होता. "म्हणाला, चांगला आहे."

मालक खो खो हसला. हसल्यामुळे त्याचा राग थोडा उतरला. "नऊ वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं, आणि माझं पातं मोडलं! नवं पातं येईपर्यंत दोघांनी मिळून बांध दुरुस्त करा. आणि पुन्हा असं काही झालं तर दोघांचं सामान एकाच गाडीत बांधीन."

ओरेस्ते बाजूला उभा होता, मालकाच्या विडीकडे बघत. त्यानं मान डोलवली.

आता खरी अडचण पुढेच होती. नवं पातं दोन आठवड्यांत येणार होतं. फादरच्या हुकमावरून पायात बूट असणार होता. बूट काढला तर मालक विचारणार, नवस तर सुटला, मग हे काय? आणि मालकानं एकदा नीट विचारायला सुरुवात केली की त्याला कळायला वेळ लागला नसता. आवेलिनो बांधाचे दगड उचलत दोन आठवडे हाच विचार करत होता. ओरेस्ते शेजारीच दगड उचलत होता. दोघं याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. कसं बोलावं, तेच आवेलिनोला कळत नव्हतं.

रविवारी पटांगणात गोळे खेळताना म्हातारा दोमेनिको म्हणाला, "आवेलिनो, तुझ्या दोस्ताचा हात थोडक्यात वाचला म्हणे."

"वाचला," आवेलिनो म्हणाला. आणि मग, आधी काही न ठरवता, तो म्हणाला, "त्यानं नवस केलाय."

"परत?"

"परत म्हणजे? हात वाचला तर माणूस नवस करणार नाही? तोच पाय, तसाच उघडा."

"पण फादरनं तर त्याला..."

"तो जुना नवस. फादरनं सोडवला, सुटला. हा नवा आहे."

"किती दिवसांचा?" एका तरुणानं विचारलं.

दोमेनिकोनं हातातला गोळा त्याच्यासमोर धरला. "विचारू नकोस रे. काही शिकवलं नाही का तुझ्या आईनं?" मग बाजूला खेळ बघत उभ्या असलेल्या मालकाकडे वळून, "काय कोर्नेलिओ, तुझं पातं मोडलं ते सैतानानं, हात वाचवला तो देवानं. माणसाला नवस फेडू दे."

मालकानं खांदे उडवले. "फेडू दे की. पाय त्याचा आहे."

झालं. एवढ्यावर काम झालं. रात्रीपर्यंत सगळ्या खोऱ्याला नवा नवस माहीत झाला. पुढच्या महिन्यात फादर एर्मेते आले, त्यांनी ओरेस्तेच्या पायाकडे पाहिलं आणि दाढीत हात घातला. "नवस करायच्या आधी या वेळी मला विचारायचं होतंस, बाबा," ते म्हणाले. "अनवाणी पायांनी पुण्य मिळत असतं तर या खोऱ्यातली सगळी कार्टी संत झाली असती." त्यांच्या स्वतःच्याही पायांत त्या थंडीत नुसत्या वहाणाच होत्या, त्यामुळे पुढे त्यांना फार बोलता आलं नाही. टाचेला रोज गरम चरबी लावायची, एवढी अट घालून ते गेले.

दोमेनिकोशी बोलणं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी पाल्मिरा आवेलिनोच्या गाडीजवळ आली. हातात फडक्यात बांधलेलं ताजं चीज होतं.

"हे जेमाला दे." जेमा म्हणजे आवेलिनोची बायको.

"कशाला?"

"सांगितलं ना, दे म्हणून." ती थोडा वेळ बैलांकडे बघत राहिली. "त्याला सांगितलं मी, त्यानं कसला नवस केलाय ते."

"मग?"

"हसला. दात दिसेपर्यंत हसला." मग तिनं विचारलं, "किती दिवसांचा सांगितलास?"

"दिवस सांगितलेच नाहीत."

"बरं केलंस," पाल्मिरा म्हणाली आणि घरात गेली.

त्या संध्याकाळी आवेलिनोनं कात्री घेतली आणि मिशी उतरवली. पूर्ण नाही, ओठ मोकळा होईल एवढी. जेमा चुलीपाशी मक्याच्या पिठाचा पोलेंता ढवळत होती. तिनं वळून पाहिलं आणि ढवळायची काठी तशीच हातात राहिली.

"मिशीला काय झालं?"

"पोलेंता अडकायचा."

"वीस वर्षं अडकत होता तेव्हा काही नाही, आणि आज अचानक? कोण आहे ती?"

"कुणी नाही गं."

"ओठ बघ तुझा, सोललेल्या बटाट्यासारखा दिसतोय. थंडीनं फुटेल."

फुटलाही. पण आवेलिनोनं मिशी पुन्हा वाढवली नाही. नवं पातं बसलं त्या दिवशी तो ओंडका घेऊन गेला, बैल सोडायच्या आधी ओरेस्तेच्या समोर जाऊन उभा राहिला आणि सावकाश म्हणाला, "याच्या बुंध्याशी गाठी आहेत. दोन हातांवर एक, आणि त्याच्यावर दुसरी."

ओरेस्तेनं त्याच्या ओठांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "मग उलटा घालू. शेंड्याकडून. गाठी येईपर्यंत पाणी कमी करता येईल." आणि वळता वळता पुन्हा, "तुझा लाल बैल मागच्या डाव्या पायानं लंगडतोय. खूर बघ."

नऊ वर्षांत आवेलिनोनं त्याच्याकडून एवढं ऐकलं नव्हतं. खूर बघितला तर खरंच खडा होता.

पुढची सात वर्षं ते असंच बोलत राहिले. बैल, गाठी, ओढ्याचं पाणी, पाइनच्या भाजलेल्या बिया या वर्षी कशा बारीक आहेत. त्याचे कान कधी गेले, करवतीनं घालवले की लहानपणीच्या तापानं, हे आवेलिनोनं कधी विचारलं नाही. नवस विचारत नाहीत, तसंच काहीसं ते होऊन बसलं होतं. आपण मिशी का उतरवली हे ओरेस्तेला कळलं की नाही, हेही त्याला माहीत नव्हतं. कदाचित त्याचं लक्षही गेलं नसेल, असं तो मला एकदा म्हणाला. मीही तेव्हा तसंच म्हणालो.

हळूहळू डोंगरावरचे जाड पाइन संपले. विजेच्या तारा खोऱ्यात आल्या. मालकानं मोठ्या रस्त्याजवळ मोटरवरची पट्ट्याची करवत बसवली आणि ती चालवायला शहरातून माणूस आणला. ओढ्यावरचं चाक एक हिवाळा तसंच उभं राहिलं, मग त्याच्या फळ्या कुणीतरी डुकरांच्या खोपटाला लावल्या. ओरेस्तेला कुणी काढलं असं नाही. करवतच राहिली नाही. त्याच्या मोठ्या जावयानं पश्चिमेला नवी जमीन घेतली होती, तिकडे सगळी निघाली.

निघायच्या दिवशी आवेलिनो गेला होता. सामान ट्रकवर चढवून झालं होतं, पाल्मिरा आणि धाकटी ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. ओरेस्ते मागे, खाटेच्या लाकडांना टेकून, दोन्ही पायांत बूट घालून. आवेलिनो ट्रकच्या फळीपाशी गेला आणि त्याला आपलं तोंड दिसेल असा उभा राहिला.

"ताडपत्री घेतलीस का? वर पाऊस असेल."

"घेतली."

"बरं."

ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. ओरेस्तेनं हात पुढे करून ट्रकची फळी धरली.

"मिशी वाढव आता," तो म्हणाला. "थंडी वाजत असेल."

"बघू," आवेलिनो म्हणाला.